रेतीत गेलेला बार

अकोल्यात खडकीकडे चतुराबाईच्या घराला लागून भाड्याची दीड खोली आहे. पुढं एक खोली आणि मागं स्वयंपाकापुरती अर्धी. धर्मपाल तायडे तिथं सहा वर्षांपासून राहत होता. सतरा वर्षं फौजेत काढून तो हवालदार म्हणून बाहेर पडला आणि नंतर बँकांची रोकड पोचवणाऱ्या एका एजन्सीच्या गाडीवर गनमॅन म्हणून लागला. बंदूक त्याची स्वतःची, परवान्याची, बारा बोरची दुनाळी. सकाळी ती मांडीशी उभी धरून गाडीत बसायचं, वाशीम, मूर्तिजापूर, कारंजा करून संध्याकाळी घरी यायचं. एवढ्या वर्षांत ती कोणावर रोखायची वेळ आली नव्हती. वेळ येत नाही म्हणूनच हात विसरून जातो, असं त्याचं म्हणणं. एजन्सी वर्षातून एकदा पाच गोळ्या झाडून घ्यायची. तेवढ्यानं काय होतंय. म्हणून तो रोज अर्धा तास घरीच सराव करायचा. रिकाम्या बंदुकीचा.

त्या सरावाची एक रीत होती, आणि ती त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोनं, मायानं जास्त पाळली. खरी काडतुसं मागच्या खोलीत लोखंडी पेटीत, आणि पेटीची चावी मायाच्या पदराला. धर्मपालनं बंदूक उघडायची, दोन्ही नळ्यांत बघायचं, बोट घालून चाचपायचं. मग ती मायाच्या पुढं धरायची. मायाला दोन्ही नळ्यांतून खिडकीचा उजेड दिसला की ती म्हणायची, "खाली हाय." ती म्हणाल्याशिवाय बंदूक मिटायची नाही. भरायचा सराव करायला त्यानं सहा नकली काडतुसं केली होती. झाडलेल्या रिकाम्या खोळी, आणि घोडा आपटतो तिथं शाळेतल्या खोडरबराचा तुकडा. ती खऱ्यासारखीच दिसतात म्हणून मायानं प्रत्येकाला नेलपॉलिशची लाल रेघ ओढून दिली होती.

या खोलीत राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "या भितीमागं कोण राह्यते?"

"चतुरामावशी."

"मंग तिच्याकडं तोंड करून काहून धरता?"

"रिकामी हाय ना वं."

"रिकामी हाय हे तुमाले मालूम. भितीले मालूम नाही."

त्यानं खोलीच्या चारी बाजू मोजून पाहिल्या. एकीकडं गल्ली, एकीकडं सार्वजनिक नळ, एकीकडं त्यांचीच स्वयंपाकाची खोली. कुठंही तोंड केलं तरी पलीकडं माणूस होतंच. मग मायानं बारदाना आणून दुहेरी शिवणीची दोन मोठी पोती शिवली. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून रेती मागून आणली आणि पोती भरून ती चतुराबाईच्या भिंतीला एकावर एक लावली. वरच्या पोत्यावर कागदाचा एक गोल चिकटवला. रिकामी असो का भरलेली, बंदुकीचं तोंड त्या गोलाकडंच. येणारे जाणारे हसायचे. धर्मपालही हसायचा, पण त्यानं पोती हलवली नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मायाला पोटाचं दुखणं निघालं आणि तीन महिन्यांत ती गेली.

नंतर धर्मपालनं सराव सोडला नाही. सोडला असता तर पाच ते साडेपाच काय करायचं, हा सवाल होता. पहिले काही दिवस तो नळ्यांत दोनदा बघायचा, एकदा आपल्यासाठी आणि एकदा तिच्यासाठी, आणि मग स्वतःच मोठ्यानं म्हणायचा, "खाली हाय." रिकाम्या खोलीत आपलाच आवाज ऐकून त्याला कसंनुसं व्हायचं. दिवाळीनंतर त्यानं म्हणायचं बंद केलं. मग दुसऱ्यांदा बघायचंही हळूहळू राहून गेलं. पेटीची चावी त्यानं खिळ्याला अडकवली. नकली काडतुसांवरच्या लाल रेघा हाताळून हाताळून पुसत आल्या होत्या. मायाची बाटली काढून पाहिली तर आतलं वाळून खडा झालेलं. बांगड्यांच्या दुकानात जाऊन नेलपॉलिश मागायचं त्याच्या जिवावर आलं. आज आणू, उद्या आणू करत ते राहिलं.

एप्रिलच्या चौदा तारखेला ज्योत्स्ना येणार होती. ज्योत्स्ना ही त्याची एकुलती एक मुलगी. अमरावतीला गाडगे नगरात राहायची, एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. ती, जावई अश्विन आणि चार वर्षांची आचल असे तिघं जयंतीला अकोल्याला येणार आणि संध्याकाळी सगळे मिळून रॅली पाहायला जाणार, असं ठरलं होतं. आई गेल्यावरची पहिलीच जयंती. धर्मपालनं एजन्सीतून सुट्टी काढली. सकाळी पांढरे कपडे घालून पुतळ्याला हार घालून आला. कूलरमध्ये पाणी भरलं, नवी चादर अंथरली, आचलसाठी दोन आंबे आणून ठेवले. मग वाट पाहत बसला.

दोन वाजले, तीन वाजले. बाहेर ऊन असं की गल्लीतलं कुत्रंही नालीच्या पुलाखाली गेलेलं. चारला गल्ली रिकामी व्हायला लागली. बाया निळ्या काठांची पांढरी लुगडी नेसून, लेकरांच्या डोक्याला निळ्या पट्ट्या बांधून चौकाकडं निघाल्या. चतुराबाईचा मुलगा, सून, नातवंडं, सगळे गेले. चतुराबाईचे गुडघे चालत नव्हते, ती मागं राहिली.

नुसतं बसवेना म्हणून धर्मपालनं बंदूक काढली. उघडली, एकदा बघितली, अर्धा तास सराव केला. झाल्यावर बंदूक उघडी करून बाजेवर ठेवली, नकली काडतुसं काढून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सहालाच वाशीमची गाडी होती. आचल घरात आली की खऱ्या काडतुसांना हात लावायचा नाही, तर उद्याचा काडतुसांचा पट्टा आत्ताच भरून ठेवावा असं त्याच्या मनात आलं. त्यानं मागच्या खोलीत जाऊन पेटी उघडली, काडतुसं घेऊन पुढं आला आणि बाजेवर बसून पट्ट्यात भरायला लागला. खरी काडतुसं सरावाच्या काडतुसांशेजारी यायची ती पहिलीच वेळ. त्याला ते जाणवलंही नाही.

पट्टा अर्धा भरला होता तेव्हा फोन वाजला.

"बाबा, आमचं नाही जमत हो आज," ज्योत्स्ना म्हणाली. "आचलले ताप हाय सकाळपासून. उतरंल उतरंल म्हणून थांबलो होतो."

"किती हाय?"

"एकशेदोन. डॉक्टरले दाखवलं. घाबरायचं नाही म्हणते."

"मंग नका निघू. उन्हाचं कायले आणता तिले."

"तुमी जेवले?"

"हो," तो म्हणाला. तो जेवला नव्हता. स्वयंपाक चौघांचा करून ठेवलेला होता.

"एकटेच बसून नका राहू घरात. रॅलीत जा."

"जातो."

फोन ठेवून तो उठला, दाराशी गेला. चौकातून डीजेचा आवाज यायला लागला होता, मधूनच फटाक्यांची माळ वाजत होती. कपडे चांगले होते, चपला दारात होत्या, निघायचं तर निघता आलं असतं. पण तिथं जो भेटेल तो विचारणार, पोरगी आली नाही का. तो परत बाजेवर बसला. हाताला काहीतरी हवं होतं. अजून दोनदा करू, असं म्हणून त्यानं बंदूक जवळ घेतली, बाजेवरची दोन काडतुसं उचलली, नळ्यांत सरकवली, बंदूक मिटली. उभा राहिला, खांद्याला लावली, कागदाचा गोल नेमावर घेतला आणि घोडा दाबला.

बंद खोलीत बार झाला तो त्याला कानांनी ऐकूच आला नाही. छातीवर कोणी लाथ घातल्यासारखं झालं. मग कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली आणि खोली धुरानं भरली. वरच्या पोत्यातून रेती खाली सांडत होती, पिठाच्या चक्कीतून पीठ पडावं तशी, सारखी.

सवयीनं त्यानं आधी बंदूक उघडली. एक खोळ गरम निघाली. दुसऱ्या नळीतलं काडतूस काढून पाहिलं. तेही खरंच होतं.

मग त्याला चतुराबाई आठवली.

तो अनवाणीच धावला. फरशी तापलेली होती, ते त्याला नंतर रात्री तळवे दुखायला लागल्यावर कळलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चतुराबाईचं दार नुसतं लोटलेलं होतं. मागच्या खोलीत, त्याच भिंतीला लागून टाकलेल्या बाजेवर ती डोक्याला ओला पंचा गुंडाळून पडलेली होती. तो दारातच थांबला. पुढं जायची त्याची हिंमत होईना.

तिनं डोळे उघडले. "कोण, धर्मपाल? लय फटाके फोडून राहिले रे यंदा. भीतच हालली माही."

भिंतीकडं त्यानं नीट पाहिलं. भेग नाही, भोक नाही. कॅलेंडर खिळ्याला वाकडं झालं होतं, एवढंच.

"ज्योत्स्ना आली का?" तिनं विचारलं.

"नाही आली. पोरीले ताप हाय."

"असा काहून दिसतं तू? ऊन लागलं का? माठातलं पाणी पे."

त्यानं पाणी प्यायलं. ग्लास पालथा घातला. परत आला.

घरी येऊन त्यानं बंदूक पेटीत ठेवली, काडतुसं ठेवली, कुलूप लावलं. मग दार सताड उघडं ठेवून बाजेवर बसला. आता कोणीतरी येईल, असं त्याला वाटत होतं. आवाज ऐकून कोणी येईल, काय झालं म्हणून विचारील, चार लोकं जमतील, कोणी पोलिसांना फोन करील. काय सांगायचं याची वाक्यं तो मनात जुळवत होता. सहा वाजले. धूर निघून गेला. साडेसहाला गल्लीत माणसं परत यायला लागली, लेकरं झोपाळलेली, बायांचे आवाज बसलेले. चतुराबाईच्या सुनेनं दारातून कागदावर बुंदी दिली.

"जय भीम, भाऊजी. दिसले नाही तुमी चौकात."

"जय भीम. नाही जमलं," तो म्हणाला.

ती पुढं गेली. कोणी काही विचारलं नाही. तिच्या नजरेसमोर पोतं फाटलेलं होतं, जमिनीवर रेतीचा ढीग होता, पण तायडेच्या घरात रेतीची पोती आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, फाटलं असेल एखादं.

बुंदीचा कागद मांडीवर घेऊन तो बसून राहिला. आपल्या घरात बंदूक उडाली, एक म्हातारी मरता मरता वाचली, आणि हे जगात एकाही माणसाला माहीत नाही. रेती झाडून घेतली, पोतं शिवलं, की झालंच नाही असं होऊन जाईल. एक काडतूस कमी भरेल, त्याचं काही सांगता येईल. त्याला कोणी पकडणार नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माया गेली त्या दिवशीही खोली त्याला एवढी रिकामी वाटली नव्हती.

दिवेलागणीला तो उठला आणि चतुराबाईकडं गेला. ती ओसरीत बसली होती. तो तिच्या पायाशी, खाली बसला.

"मावशी, तो फटाका नोयता."

त्यानं सगळं सांगितलं. नेलपॉलिशचंसुद्धा सांगितलं. ती ऐकत राहिली. आत सून भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

"पोती नसती तं?" चतुराबाईनं विचारलं.

"तं भीत फुटली असती."

"मी मेली असती ना रे."

"हो."

ती काठी टेकत उठली आणि आत गेली.

सकाळी त्यानं एजन्सीच्या किसनरावांना फोन केला. किसनराव गाड्यांची पाळी लावायचे, माणूस व्यवहारी. "कोणाले लागलं?" त्यांनी आधी विचारलं. नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला. "कोणी पाह्यलं?"

"नाही."

"मंग तायडे, मले काहून सांगून राहिले तुमी? मी ऐकलंच नाही समजा. सहाची गाडी हाय, या."

"मी ठाण्यात चाललो, साहेब. दुसरा माणूस पहा."

ठाण्यातले फौजदार त्याच्या जावयाच्या वयाचे होते. त्यांनी टेबलावर ठेवलेली बंदूक, परवाना, काडतुसं आणि ती एक रिकामी खोळ आळीपाळीनं पाहिली.

"तक्रार कोणाची?"

"कोणाचीच नाही."

"शेजाऱ्याची?"

"नाही, साहेब."

"मग कशाला आलात?"

धर्मपालनं रात्रभर याच प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं. "घरी दुसरं कोणी नाही पाह्यणारं," तो म्हणाला. "म्हणून आलो."

फौजदारांना ते कळलं की नाही, कोण जाणे. पण त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि जबाब लिहून घेतला. एक शिपाई येऊन पोतं पाहून गेला, चतुराबाईच्या खोलीतली भिंतही पाहून गेला. बंदूक जमा झाली. परवान्याची चौकशी होईल, नोटीस येईल, परत मिळेल न मिळेल, सांगता येत नाही, असं त्याला सांगितलं. बंदूक नाही तर गाडीवर काम नाही. किसनरावांनी चार दिवसांनी त्याला गोदामाच्या फाटकावर दिवसपाळीला बसवलं, काठी आणि शिट्टी देऊन. "लय सीधे आदमी तुमी," ते म्हणाले. ते कौतुक होतं की कीव, हे धर्मपालला उमगलं नाही.

चतुराबाई त्याच्याशी बोलेना. तो ओसरीवरून जाताना ती तोंड फिरवायची. तिनं आपली बाज दुसऱ्या भिंतीला हलवून घेतली, त्याचा सरकवायचा आवाज त्यानं अलीकडून ऐकला. भाड्याची खोली सोड, असं मात्र कोणी म्हटलं नाही. आठ-नऊ दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी काठीनं दार वाजलं.

"बुधवारी डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं हाय," ती दारातूनच म्हणाली. "पोराले सुट्टी नाही. तू रिकामा असशील तं ऑटो पाह्य."

"पाह्यतो," तो म्हणाला. ती लगेच वळून निघून गेली.

त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी तो अमरावतीला गेला. ज्योत्स्नाला फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. आचलचा ताप केव्हाच उतरला होता, ती त्याच्या खिशातला चष्मा काढून घालून हिंडत होती. अश्विन भाजी आणायला गेला होता. ज्योत्स्नानं चहा ठेवला. धर्मपालनं तिला ठाण्यापासून सुरुवात करून उलटं सांगितलं, आधी नोकरी, मग बंदूक, मग बार. चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुमाले काही झालं असतं तं?"

"मले काय होते."

"बाबा." तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. ती तिच्या आईसारखीच, आधी हिशेब लावणारी. "किती वाजता झालं हे?"

"दुपारी. पाचच्या आसपास."

"मी फोन केला तो पावणेपाचले." ती त्याच्याकडं बघत राहिली. "फोनच्या आधी का नंतर?"

त्यानं चतुराबाईला खरं सांगितलं होतं. किसनरावांना, फौजदारांना, जबाबाच्या कागदावर सही करून खरं सांगितलं होतं. आचल त्याच्या मांडीवर चढायला बघत होती, त्यानं तिला वर घेतलं.

"आधी," तो म्हणाला. "तुहा फोन आला तवा सगळं होऊन गेलं होतं. मी तुले सांगितलं नाही."

ज्योत्स्नानं श्वास सोडला. तिचे खांदे खाली आलेले त्याला दिसले. मग ती त्याच्यावर रागावली, की फोनवर तेव्हाच काहून नाही सांगितलं, आम्ही कोण तुमचे, असं बोलली, आणि तो खाली मान घालून सगळं ऐकत राहिला. तिचं बोलणं ऐकायला त्याला बरं वाटत होतं.

जेवताना अश्विन म्हणाला, "आता इथंच राहा, बाबा. वरची खोली रिकामीच हाय."

"पाहू," धर्मपाल म्हणाला. "बुधवारी मावशीले दवाखान्यात न्यायचं हाय."

चारच्या लाल गाडीनं तो निघाला. ज्योत्स्ना स्टँडवर सोडायला आली होती, डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून. गाडी बडनेऱ्याचा पूल उतरून मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडं नांगरून ठेवलेली काळी वावरं उन्हात पडली होती. शेजारच्या माणसानं तंबाखू मळून पुढं केली, त्यानं नको म्हटलं. पोरीशी खोटं बोललो, हे कोणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटत होतं. मायाला सांगितलं असतं. ती काय म्हणाली असती तेही त्याला बरोबर माहीत होतं, आणि तिनं ते कोणत्या आवाजात म्हटलं असतं तेही.

अकोल्याला उतरला तेव्हा ऊन कललं होतं. घरी येऊन त्यानं कुलूप काढलं, पंखा लावला, डब्यातली भाकरी ताटात घेतली. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. जेवून त्यानं ताट धुतलं आणि सकाळच्या पाळीसाठी कपडे इस्त्रीला काढले.